जुन्या बोटीला सहा सिलिंडर

गेल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. जुना म्हणजे आता त्यालाही पन्नाशी लागली आहे, पण अजून ओट्याखाली चपला काढून "सर, येऊ का?" असं विचारल्याशिवाय पायरी चढत नाही. हातात प्लास्टिकची फाईल होती. मला वाटलं मुलीच्या लग्नाचं काही असेल, किंवा धाकट्याच्या कॉलेजच्या ॲडमिशनचं. शिक्षकाकडे लोक याच दोन कामांसाठी येतात. पण फाईल उघडली तर आत जामीनपत्र!

"सर, बोटीला सहा सिलिंडर बसवतोय. कर्जाला एक जामीनदार लागतो. तुमची पेन्शन आहे ना..."

मी उत्तनचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भाईंदर स्टेशनवर उतरून पश्चिमेला बस धरली की खाडी, मिठागरं, डोंगरी ओलांडून समुद्र दिसायला लागतो, तेच उत्तन. पाली, चौक, भाटे बंदर, पातान बंदर ही सगळी आमचीच. कागदोपत्री आम्ही मीरा-भाईंदर महानगरपालिकेत राहतो, पण घड्याळ अजून भरती-ओहोटीचंच. वलांड्यांवर बोंबील सुकत घातलेले असले की पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि जाताना दोन किलो बांधून मागतात. असो.

आमच्याकडे 'सहा सिलिंडर' म्हटलं की इंजिनाचं नाव सांगावं लागत नाही. ट्रकचं मोठं डिझेल इंजिन, सहाही सिलिंडर एका रांगेत उभे. लेलँडच्या ट्रकमुळे ते आधी रस्त्यावर ओळखीचं झालं आणि मग समुद्रावर आलं. त्यातलं ४०० नावाचं जे होतं ते चारशे घन इंचांचं, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचं. बोटीसाठी केलेलं तयार इंजिनही मिळतं. ज्याला ते परवडत नाही तो जुन्या ट्रकचं इंजिन भंगारबाजारातून उचलतो, मेकॅनिककडून उघडून घेतो, गिअरबॉक्स बदलतो, थंड करायची व्यवस्था खाऱ्या पाण्याला चालेल अशी करून घेतो आणि चेन-पुलीनं बोटीत उतरवतो. माझा विद्यार्थी याच वाटेनं निघालेला. इंजिन बघूनही आला होता. मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला, नातवंडाचा दाखवावा तसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मोठं इंजिन वाईट असं मी म्हणत नाही. पण जुन्या बोटीत मोठं इंजिन बसवणं हा इंजिनाचा व्यवहार नसतोच, तो लाकडाचा व्यवहार असतो. आणि आमचे लोक पैसे लोखंडावर घालतात, लाकडावर नाही.

तुम्ही म्हणाल, मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या माणसाला इंजिनातलं काय कळतं? खरं आहे, फारसं कळत नाही. पण मी बोटीच्या घरात जन्मलो. वडिलांची नाव शिडाची होती. १९६० च्या आसपास तिच्यात पहिलं इंजिन बसलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. सगळं बंदर बघायला जमलं होतं. एक म्हातारे नाखवा म्हणाले होते की या धडधडीनं मासळी पळून जाईल. मासळी काही लगेच पळाली नाही. पण वारा पडला तरी घरी येता येतं ही गोष्ट माझ्या आईला इतकी मोठी वाटली की त्या वर्षी तिनं इंजिनालाही फुलांचा हार घातला. फादर हसले होते.

आज मागे वळून बघतो तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. जुन्या बोटीत नवं इंजिन हा प्रकार आमच्या किनाऱ्याला नवा नाहीच, मुळात आमचं यांत्रिकीकरण तसंच झालं. १९५० नंतर सरकारनं मच्छीमारीत इंजिनं आणायचं ठरवलं, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे बोटींचे तज्ज्ञ भारतात आले. देशाच्या इतर काही किनाऱ्यांवर ओंडक्यांची तराफ्यासारखी होडकी होती, त्यांत इंजिन बसणार कुठे? तिथे नव्या बोटींचे नकाशे काढावे लागले. आमच्याकडे मात्र तळाशी भक्कम कणा असलेल्या, खोल पोटाच्या नावा आधीपासून होत्या. त्यामुळे असलेल्या नावेतच इंजिन बसवता आलं. त्या कण्याला आमची जुनी माणसं पठाण म्हणत. म्हणजे आमच्या सुतारांनी शिडासाठी बांधलेलं लाकूड इतकं चांगलं होतं की त्यानं इंजिनही पेललं. ते इंजिन लहान होतं म्हणून पेललं, हे मात्र आम्ही विसरलो.

त्यानंतर दर दहा-पंधरा वर्षांनी इंजिनं वाढत गेली. एक सिलिंडरची दोन झाली, दोनाची तीन, चार आणि मग सहा. लोक बोटीची ओळखही तशीच सांगू लागले. आधी विचारायचे, कुणाची नाव? मग विचारू लागले, किती सिलिंडर?

सहाच का, हा प्रश्न मीही विद्यार्थ्याला विचारला. तो खुलला. "सर, सहाला थरथर नसते!" हे त्याचं म्हणणं खरं आहे. सहा सिलिंडर एका रांगेत असले की पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा अशा जोड्या एकदमच वर-खाली होतात, आणि तिन्ही जोड्या एकमेकींपासून समान अंतरावर. एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. चार सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर उरतेच, दोनाच्या इंजिनात तर दात वाजतात. चांगल्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर नाणं उभं करून दाखवणारे लोक आहेत. म्हणून जगभर मोटारवाल्यांनाही या रचनेचं वेड आहे. आपल्याकडे जबलपूरला लष्करासाठी जोंगा नावाची गाडी बनायची, निस्सानच्या बनावटीची. तिचं पेट्रोल इंजिन जवळजवळ चार लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत. लिलावात निघालेल्या जोंगा विकत घेऊन जिवापाड जपणारी माणसं मी पाहिली आहेत.

पण गाडीला निदान एक बंधन आहे. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं, आरटीओची परवानगी लागते. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली सांगितलं. बोटीलाही नोंदणी आहे, कागद आहेत, पण या फळ्या हे इंजिन पेलतील का, हा प्रश्न शेवटी सुतारालाच विचारावा लागतो. आणि सुताराला कुणी विचारत नाही, कारण तो 'नाही' म्हणण्याची शक्यता असते.

इंजिन स्वतः थरथरलं नाही तरी त्याचं वजन कुठे जातं? सहा सिलिंडरचं इंजिन गिअरबॉक्ससकट अर्ध्या टनाच्या पुढे सहज जातं, आणि ते लांब असतं. ज्या दोन लाकडी तुळयांवर ते बसतं त्या लहान इंजिनाच्या मापाच्या, चार फासळ्यांवर टेकलेल्या. लांब इंजिनाला लांब तुळया हव्यात, म्हणजे भार आठ-दहा फासळ्यांवर पसरेल. प्रत्यक्षात काय करतात? जुन्या तुळयांना पुढे एक तुकडा जोडतात, वर लोखंडी पट्टी ठोकतात आणि रंग मारतात. रंग मारला की सगळं नवं दिसतं.

मग पंख्याचं. इंजिन फक्त फिरतं, बोट ढकलतो तो पंखा. दुप्पट ताकद पाण्याला द्यायची तर पंखा मोठा हवा आणि हळू फिरणारा हवा. पण जुन्या बोटीत मागच्या खांबाजवळ पंख्याला जागा ठरलेली असते. मोठा पंखा बसतच नाही. मग तोच लहान पंखा जोरात फिरवायचा. तो पाणी घुसळतो, बोट त्या मानानं पुढे जात नाही. ताक घुसळल्यासारखं, पण लोणी नाही! आणि शाफ्ट? जुना शाफ्ट जुन्या ताकदीसाठीच होता. शिवाय इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत हे किनाऱ्यावर जुळवून भागत नाही. लाकडी बोट पाण्यात उतरली की थोडी वाकते, तिचा आकार बदलतो. पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासून जुळवावं लागतं. तोवर मेकॅनिक पैसे घेऊन दुसऱ्या बोटीवर गेलेला असतो.

आता वेगाचा हिशोब. हा मी त्याच्यासमोर कागदावर मांडला, कारण सातवीला गणिताचे सर रजेवर गेले की मीच वर्ग घ्यायचो आणि वर्गमूळ मीच शिकवलं होतं त्याला.

पाणी कापत जाणाऱ्या बोटीला स्वतःची एक लाट असते. बोट जितकी लांब तितकी ती लाट लांब, आणि त्या लाटेच्या वेगापलीकडे अशी जड बोट ढकलणं म्हणजे डोंगर चढवणं. नियम सोपा आहे. पाण्याच्या रेषेवरची बोटीची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, तितके नॉट. त्याची बोट पाण्यावर ३६ फूट. वर्गमूळ ६. म्हणजे ८ नॉट, संपलं. आज ४५ अश्वशक्तीवर ती ७ नॉट जाते. शंभर अश्वशक्ती घातली तरी आठाच्या फार पुढे जाणार नाही.

डिझेल इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २०० मिलिलिटर पितं. म्हणजे ४५ ला तासाला ९ लिटर, शंभरला २०. पन्नास सागरी मैल जायचं असेल तर आज त्याला सात तास आणि वर नऊ मिनिटं लागतात, डिझेल ६४ लिटर. मोठं इंजिन पूर्ण जोरात चालवलं तर सव्वासहा तास आणि १२५ लिटर. वाचली किती? चोपन्न मिनिटं. त्यासाठी साठ लिटर डिझेल जास्त, एका बाजूचं. डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमारांना मिळतो हे मान्य, पण आधी पैसे खिशातून घालावेच लागतात.

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, ती चोपन्न मिनिटंच तर हवीत मला."

इथे मात्र माझा खडू थांबला. कारण त्याचं म्हणणं असं होतं. शेजारच्या सगळ्या बोटी आता सहा सिलिंडरच्या. त्या आधी बंदरात लागतात, लिलाव त्यांच्या मालावर सुरू होतो. हा पोहोचतो तेव्हा व्यापाऱ्यांचे टेम्पो भरलेले, बर्फ संपत आलेला, तोच बोंबील कमी भावात जातो. बोंबील काही थांबणारा मासा नाही, अंगात पाणीच जास्त, तासाभरात त्याचा चेहरा बदलतो. दुसरं म्हणजे खलाशी. चांगला खलाशी मोठ्या बोटीवर जातो. तिसरं त्यानं सांगितलं नाही पण मला ठाऊक आहे. डोलीच्या जाळ्यांच्या जागा, ज्यांना आम्ही कव म्हणतो, त्या आता लांब लांब गेल्या आहेत. त्यांच्यावरून वसई-उत्तनकडच्या आणि पालघर-डहाणूकडच्या मच्छीमारांचा वाद किती जुना आहे हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना माहीत आहे. जवळ मासळी असती तर लांब जायची हौस कुणाला होती?

आणि वादळ. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं तेव्हाची रात्र इथे कुणी विसरलेलं नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हाही बंदरात तोच जीव मुठीत धरलेला. समोरून वारा आणि लाट असते तेव्हा लहान इंजिनाची बोट जागच्या जागी उभी राहते. तिथे वर्गमूळ कामाचं नाही, हातात राखीव ताकद लागते. हा मुद्दा मी खोडू शकत नाही आणि खोडायचाही नाही. मोठं इंजिन असावं आणि रोज अर्ध्या जोरात चालवावं, हा खरा शहाणपणा. वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर तेवढ्याच अंतराला डिझेल जवळजवळ एक पंचमांश कमी लागतं. पण शेजारची बोट पुढे जाताना दिसली की हात कुठे थांबतो? आणि सगळ्यांनीच सहा सिलिंडर घेतले की पुन्हा सगळे एकाच वेळी बंदरात. लिलावात पहिला एकच असतो. फरक इतकाच की आता सगळेच दुप्पट डिझेल जाळून आलेले असतात.

यावर सोसायट्यांनी बसून काही ठरवावं असं मला वाटतं. लिलावाची वेळ ठरवावी, किंवा आलेल्या क्रमानं नाही तर पाळीपाळीनं माल घ्यावा. जाळी कुठे टाकायची, कधी टाकायची यावर गावोगावी नियम करणारे आमचे पूर्वज काही शिकलेले नव्हते. इंजिनाच्या बाबतीत प्रत्येकजण एकटा पडला आहे. हे मी एका बैठकीत बोललो होतो. चहा आल्यामुळे विषय राहिला.

आता जे विद्यार्थ्याला सांगितलं नाही ते इथे लिहितो. १९९४ साली माझ्या धाकट्या भावानं हेच केलं. वडिलांची मूळ नाव नव्हे, तिच्यानंतरची, पण तीही वीस वर्षांची झालेली. दोन सिलिंडर काढून सहा बसवले. पैसे कमी पडले ते मी भविष्य निर्वाह निधीतून काढून दिले. आमच्या हिनं तेव्हा एकच विचारलं होतं, "फळ्या कोणी बघितल्या का?" मी म्हटलं, मेकॅनिकनं बघितल्यात. मेकॅनिक फळ्या बघत नाही हे मला कळायला हवं होतं. पहिलं वर्ष राजासारखं गेलं. भाऊ बंदरात पहिला लागायचा, मी शाळेत जाताना मुद्दाम वाट वाकडी करून बघायला जायचो. दुसऱ्या वर्षी पंप जरा जास्त चालवावा लागायला लागला. फटीत कापूस-डांबर भरलं, पुन्हा रंग मारला. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, किनाऱ्यापासून बरंच लांब, शाफ्टच्या नळीजवळची फळी सुटली. सहा माणसं होती. रात्रभर बादल्यांनी पाणी काढत होते. इंजिन शेवटपर्यंत छान चालू होतं, भाऊ नंतर कितीदा तरी हे सांगायचा, एक ठोका चुकला नाही म्हणायचा. पाणी चढून ते बुडालं तेव्हाच बंद पडलं. पहाटे वसईकडच्या एका बोटीनं पाहिलं आणि ओढत आणलं म्हणून माणसं घरी आली.

बोट नंतर किनाऱ्यावरच मोडली. इंजिन धुऊन-पुसून विकलं, चांगली किंमत आली! लाकडाचं मात्र सरपण झालं. एक सागाची फळी मी मागून घेतली आणि तिचा बाक करून ओट्यावर ठेवला. माझा विद्यार्थी फाईल मांडीवर घेऊन बसला होता तो त्याच बाकावर.

भाऊ आता नाही. तो त्या रात्रीबद्दल मला कधी एका शब्दानंही बोलला नाही, आणि पैसे मात्र सहा वर्षांत फेडले. मला आजही वाटतं की मी पैसे दिले नसते तर त्यानं इंजिन लांबणीवर टाकलं असतं. की दुसऱ्या कुणाकडून घेतले असते? आमची ही म्हणते, दुसऱ्याकडून घेतले असते. ती मला बरं वाटावं म्हणून म्हणते.

तर मी विद्यार्थ्याला म्हटलं, जामीन राहतो, पण अट एक. आधी सुतार आणायचा, आणि तो मी सांगेन तो. तो मागचा खांब, पठाण आणि इंजिनाखालच्या फासळ्या पटाशीनं टोचून बघेल. माझ्यासमोर. तो म्हणाला तर मागचा भाग आधी नवा करायचा, मोठ्या पंख्याला जागा करून, तुळया पूर्ण लांबीच्या घालून, आणि इंजिन त्यानंतर. त्यासाठी कर्जाचा आकडा वाढवावा लागला तर वाढव, मी सही करतो. नुसत्या इंजिनासाठी नाही करणार. आणि सुतार म्हणाला की लाकूड संपलंय, तर इंजिन नवीन बोटीसाठी ठेव, या बोटीत घालू नको.

त्याचा चेहरा पडला. "सर, पावसाळ्याची बंदी दोन महिन्यांची. १ जूनला बोट वर ओढणार, १ ऑगस्टला पाण्यात हवी. सुतार घातला तर ते नाही होणार. एवढा सीझन जाईल." हिशोब त्याचाही बरोबर होता. सुरुवातीचेच दिवस कमाईचे असतात. २०२५ मध्ये राज्यानं मच्छीमारीला शेतीचा दर्जा दिला, त्यामुळे कर्ज आता शेतीच्या दरानं मिळेल असं तो आशेनं सांगत होता. पण हप्ता स्वस्त झाला तरी तो भरावा लागतोच, आणि बोट वर असताना कुठून भरणार?

चहा प्यायला, पाया पडला, फाईल घेऊन गेला. जामीनपत्र मात्र बाकावरच राहिलं. विसरला की मुद्दाम ठेवून गेला, कळलं नाही. मी ते डायरीत ठेवून दिलं.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. इंजिनवाल्याला टोकन देऊन ठेवलं म्हणाला. मी काही बोललो नाही. मग थोडं थांबून म्हणाला, "सर, सुतार रविवारी येतोय. मिस्सानंतर. तुम्ही येताय ना?"

येतोय म्हटलं. पटाशी त्याच्याकडे असेलच, तरी माझी भावाच्या पेटीतली एक काढून ठेवली आहे.